मिलानची डर्बी पहिल्यांदा बघायला जाताय? आधी यजमान कोण ते बघा

२२ एप्रिल २०२४, सोमवार. सान सिरो स्टेडियमात मीलन विरुद्ध इंटर, एकाच शहरातले दोन क्लब (अशा मॅचला डर्बी म्हणतात), आणि इंटर जिंकली तर इटालियन लीगचं २० वं जेतेपद थेट शेजाऱ्याच्या नाकावर टिच्चून तिथल्या तिथे पक्कं. असली मॅच पन्नास वर्षांत एकदा होते. मी त्या वेळी कुठे होतो? गेटवरून परत पाठवला गेलेला, लोत्तो मेट्रो स्टेशनजवळच्या एका बारमध्ये ओल्या जॅकेटात उभा राहून टीव्ही बघत होतो. खिशात तिकीट होतं, पैसे भरलेले होते, फक्त तिकिटावरचं नाव माझं नव्हतं.

तेव्हापासून मिलानमध्ये शिकायला नाहीतर नोकरीला नवीन आलेला कुणी मराठी माणूस भेटला आणि "डर्बी बघायचीये रे" म्हणाला की मी तीच टेप वाजवतो, म्हणून म्हटलं एकदाचं नीट लिहूनच टाकावं. भारतातून फिरायला येणाऱ्यांसाठीही मध्ये थोडं लिहिलंय. फुटबॉलचं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल.

१. आधी भांडण कशाचं ते समजून घ्या

हे न कळता गेलात तर लाल-काळे आणि निळे-काळे एवढंच दिसेल.

१६ डिसेंबर १८९९ ला हर्बर्ट किल्पिन आणि इथल्या काही इंग्रज मंडळींनी इटालियन मित्रांना घेऊन क्लब काढला, नाव ठेवलं मिलान फुटबॉल अँड क्रिकेट क्लब, म्हणजेच आजची मीलन. हो, क्रिकेट! आपल्याला अभिमान वाटावा असं त्या क्रिकेटचं पुढे काही झालं नाही, फुटबॉलच राहिला. मग १९०८ मध्ये क्लबात परदेशी खेळाडू घ्यायचे की नाही यावरून वाजलं, नाराज मंडळी बाहेर पडली आणि ९ मार्च १९०८ च्या रात्री एका रेस्टॉरंटात बसून त्यांनी वेगळी चूल मांडली. सगळ्या देशांचे खेळाडू आमच्याकडे चालतील म्हणून नाव इंटरनात्सिओनाले, म्हणजेच इंटर. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला दोघं पहिल्यांदा भिडले, तेसुद्धा इटलीत नाही तर सीमेपलीकडे स्वित्झर्लंडच्या कियास्सो गावात, आणि मीलन २-१ ने जिंकली.

म्हणजे थोडक्यात ही भाऊबंदकी आहे. एकाच घरातून फुटलेले दोन भाऊ, आणि १९४७ पासून राहतात परत एकाच वाड्यात, म्हणजे सान सिरो स्टेडियममध्ये. एकमेकांना ते 'कुजिनी' म्हणतात, म्हणजे चुलत भाऊ, आणि तो शब्द ज्या सुरात म्हणतात तो सूर आपल्याकडे जमिनीच्या वाटणीच्या वेळी ऐकू येतो तोच.

सख्ख्या भावांचाही किस्सा आहे. फ्रँको बारेझीला लहानपणी इंटरने चाचणीत नाकारलं, त्याचा मोठा भाऊ ज्युसेप्पे मात्र इंटरमध्ये घेतला गेला. फ्रँको मीलनमध्ये गेला आणि पुढे दोघं भाऊ आपापल्या क्लबचे कॅप्टन झाले. आज मीलनमध्ये फ्रँकोचा ६ नंबरचा शर्ट कुणालाच देत नाहीत.

२. नावं नीट म्हणा

छोटी स्टेप आहे पण इथेच पहिली फजिती होते. शहर मिलानो. क्लब मात्र मीलन, पहिल्या अक्षरावर जोर देऊन, जवळपास आपल्या 'मिलन'सारखंच, कारण नाव इंग्रजांनी ठेवलेलं. फॅसिस्ट काळात इंग्रजी नावं नकोत म्हणून मीलनचं नाव इटालियन करायला लावलं होतं आणि इंटरला तर १९२८ मध्ये दुसऱ्या क्लबशी जोडून आम्ब्रोझियाना करून टाकलं होतं. युद्ध संपल्यावर दोघांनी जुनी नावं परत घेतली.

मीलनवाले रोसोनेरी, लाल-काळे. इंटरवाले नेराझुर्री, काळे-निळे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून दोन शब्द येतात. मीलनवाल्यांना 'काशाविट', इथल्या बोलीत स्क्रूड्रायव्हर, कारण एकेकाळी त्यांचा पाठीराखा कामगार वर्ग असायचा, आणि इंटरवाल्यांना 'बाउशा', म्हणजे बढाईखोर, पैसेवाला. आता असलं काही राहिलेलं नाही, दोन्हीकडे दोन्ही प्रकारची माणसं आहेत, पण हे शब्द तुम्ही नवखे असताना वापरलेत तर समोरचा हसतोच आणि पुढची कॉफी बहुतेक त्याच्याकडून.

डर्बीचं नाव 'देर्बी देल्ला मादोन्नीना'. दुओमो कॅथेड्रलच्या शेंड्यावर १०८.५ मीटर उंचीवर मेरीचा सोनेरी पुतळा आहे, १७७४ पासून, तिच्या नावाने. ती दोघांचीही आहे, तिच्यावरून भांडण नाही.

३. यजमान कोण ते बघा (सगळ्यात महत्त्वाचं)

स्टेडियम एकच असलं तरी प्रत्येक मॅचला एक टीम यजमान असते. वर्षात लीगच्या दोन डर्बी, एकदा मीलन यजमान, एकदा इंटर. जे नाव आधी लिहिलेलं ती यजमान. 'मीलन-इंटर' म्हणजे मीलनची मॅच, 'इंटर-मीलन' म्हणजे इंटरची. यावर सगळं ठरतं, तिकीट कुणाच्या साईटवर मिळणार, कुणाच्या सीझन तिकीटवाल्यांची खुर्ची आधीच भरलेली, नियम कुणाचे, स्पीकरवर गाणं कुणाचं.

सापळा असा की नवीन माणूस आपल्या आवडत्या क्लबच्या साईटवर जाऊन बसतो, तिथे मॅच विक्रीलाच नसते, त्याला वाटतं संपली तिकिटं, आणि तो वैतागून कुठल्यातरी रिसेल साईटवर जातो. शेवटी मीही रिसेल साईटवरच गेलो होतो.

यजमानपण किती कागदावरचं असतं आणि तरी किती महागात पडतं याचं उदाहरण म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, चॅम्पियन्स लीगची, २००३ ची सेमीफायनल. पहिली मॅच ०-०, दुसरी १-१, दोन्ही याच मैदानावर, पण दुसरीत मीलन 'पाहुणी' होती म्हणून बाहेरच्या मैदानावरचा गोल जास्त मोलाचा या तेव्हाच्या नियमाने मीलन फायनलला गेली आणि कपही घेऊन आली. इंटरवाल्यासमोर हा विषय काढून बघा. नाही, नका काढू.

४. तारीख पक्की होईपर्यंत विमान बुक करू नका

लीगचं वेळापत्रक उन्हाळ्यात येतं पण त्यात फक्त कुठल्या वीकेंडला कुठली मॅच एवढंच असतं. नक्की शुक्रवार की शनिवार की रविवार की सोमवार आणि किती वाजता हे टीव्हीच्या हिशेबाने नंतर जाहीर होतं. ती २०२४ ची मॅच बघा ना, सोमवारी ठेवली होती.

भारतातून येणाऱ्यांनी म्हणून शुक्रवार ते मंगळवार सकाळ एवढी मोकळीक ठेवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो, पण शेवटच्या क्षणापर्यंत थांबू नका. फी ९० युरो, वर सेंटरचं सर्व्हिस चार्ज. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने तरी चालू हवा, दोन पानं कोरी हवीत. मॅचचं तिकीट नसलं म्हणून व्हिसा अडत नाही, तुम्ही पर्यटक म्हणूनच अर्ज करताय.

आणि घरी बसून बघणार असाल तर रात्री पावणेनऊची मॅच आपल्याकडे उन्हाळ्याच्या वेळेत सव्वाबारा, हिवाळ्यात सव्वाला सुरू होते. दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर तुमचं तुम्ही बघा.

५. तिकीट

इथे जरा थांबून वाचा.

इटलीत मॅचचं तिकीट नावाचं असतं. नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मठिकाण भरावं लागतं आणि गेटवर ओळखपत्राशी ताडून बघतात. आता आपल्या मराठी नावांची भानगड. पासपोर्टवर पहिल्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं नाव आणि वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, दुसऱ्यात आडनाव. इथल्या फॉर्ममध्ये 'नोमे' म्हणजे नाव आणि 'कोन्योमे' म्हणजे आडनाव. पासपोर्टवर जसं आहे तस्सं भरा, लाडाचं नाव नाही, आद्याक्षर नाही, नोमे-कोन्योमेची अदलाबदल तर अजिबात नाही. घाईत आडनाव पहिल्या रकान्यात टाकणारे मी चार जण पाहिलेत, त्यातला एक इंजिनिअर होता.

विक्री टप्प्याटप्प्याने उघडते. आधी यजमान क्लबचे सीझन तिकीटवाले, मग क्लबचं मेंबरशिप कार्ड असलेले, आणि उरलंसुरलं सगळ्यांना. डर्बीला उरतं फार थोडं, आणि भावही इतर मॅचपेक्षा चढे. त्यामुळे इथे राहत असाल तर सीझनच्या सुरुवातीलाच यजमान क्लबच्या साईटवर अकाऊंट करा, कार्ड घेऊन ठेवा, ते हातात असणं म्हणजे अर्धं तिकीट असणं. आणि विक्री उघडण्याच्या आधी लॉगिन करून रांगेत बसा, तात्काळच्या तिकिटाला बसतो तसे.

नाव बदलता येतं, त्याला 'काम्बियो नॉमिनातीवो' म्हणतात, पण ते प्रत्येक मॅचला चालू असतंच असं नाही, कधी ठराविक तासापर्यंतच असतं, कधी काही भागांपुरतंच. म्हणजे ओळखीच्याने "माझं तिकीट घे" म्हटलं तरी आधी हे विचारा. माझं काय झालं तर ज्या रिसेल साईटवरून तिकीट घेतलं तिने पीडीएफ पाठवली, त्यावर कुणा भलत्याच माणसाचं नाव, आणि "नाव बदलून मिळेल" म्हणालेले लोक मॅचच्या दिवशी उत्तरच देईनात. गेटवरच्या पोराने पासपोर्ट बघितला, तिकीट बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खांदे उडवले. वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्याचं बरोबरच होतं.

स्टेडियमबाहेर हळू आवाजात तिकीट विकणारे भेटतील त्यांच्याकडे बघूही नका. ३० सप्टेंबर २०२४ ला दोन्हीकडच्या अल्ट्रा, म्हणजे कट्टर पाठीराख्यांच्या ग्रुपच्या म्होरक्यांना पोलिसांनी अटक केली, त्या तपासात तिकिटांचा आणि पार्किंगचा धंदाही होता. गंमत म्हणजे मैदानात जन्माचे वैरी असलेल्या या दोन अल्ट्रा गटांमध्ये १९८३ पासून मारामारी न करण्याचा करार आहे.

६. बसायचं कुठे

मैदानाच्या चार बाजू चार रंगांच्या. लाल ही मुख्य बाजू, समोर नारंगी, उत्तरेला हिरवी, दक्षिणेला निळी. त्यात मजले, इथे त्यांना 'आनेल्लो' म्हणतात, पहिला, दुसरा, तिसरा. तिसरा १९९० च्या वर्ल्ड कपसाठी चढवला, नारंगी बाजूला तो नाहीच.

गोलमागच्या स्टँडला 'कुर्वा' म्हणतात. दुसरा हिरवा म्हणजे कुर्वा नॉर्द, इंटरचे अल्ट्रा. दुसरा निळा म्हणजे कुर्वा सूद, मीलनचे अल्ट्रा. डर्बीला दोन्ही कुर्वा आपापल्या जागी असतात, यजमान कुणीही असो. पहिल्यांदा जाताय तर या दोन जागा घेऊ नका. तिथे बसायचं नसतंच मुळी, नव्वद मिनिटं उभं राहून गायचं असतं, मोबाईल काढून शूटिंग केलेलं आवडत नाही, आणि कुणाच्या वर्षानुवर्षांच्या जागेवर तुम्ही उभे आहात हे तुम्हाला माहीत नसतं.

मी सुचवेन नारंगी, पहिला किंवा दुसरा मजला. दोन्ही कुर्वा डावी-उजवीकडे दिसतात आणि पब्लिक मिश्र असतं. एकाच कुटुंबात बाप इंटरचा, पोरगी मीलनची, शेजारीशेजारी बसलेले, हे इथे नेहमीचंच. पैसे कमी असतील तर तिसरा मजला, उभा चढ आहे, मनोऱ्यांमधल्या गोल गोल रॅम्पने चढताना दम लागतो, गुडघे दुखत असतील तर नको. पण वरून खेळाचा आकार जेवढा कळतो तेवढा खालून कळत नाही.

२२ सप्टेंबर २०२४ ला मला शेवटी स्वतःच्या नावाचं तिकीट मिळालं, यजमान इंटर, मी नारंगीत. तोवर इंटरने सलग सहा डर्बी जिंकलेल्या. १-१ चालू होतं, ८९ व्या मिनिटाला गाब्बियाने हेडर मारला आणि मीलन २-१. मी मनातून मीलनचा (क्रिकेटमुळे, काय सांगू), पण दोन्ही बाजूंना निळे मफलर, त्यामुळे गुडघ्यावर हात दाबून गप्प बसलो. शेजारचे आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "हस बाबा, मला कळतंय." इटालियनमध्ये म्हणाले, पण अर्थ एवढाच.

७. सोबत काय न्यायचं

- मूळ पासपोर्ट किंवा इथलं मूळ ओळखपत्र. फोनमधला फोटो नाही, झेरॉक्स नाही
- तिकीट, फोनमध्ये आणि शक्य असेल तर कागदावरही
- चार्ज केलेला फोन, टॅप करायचं बँक कार्ड
- जाड जॅकेट, कानटोपी. नोव्हेंबर ते मार्च सिमेंटच्या पायऱ्यांवरून थंडी वर चढते, गारठा म्हणजे काय ते कळतं
- पाण्याची छोटी प्लास्टिक बाटली. झाकण गेटवर काढून घेतात, फेकून मारू नये म्हणून, रागावू नका

काचेचं काही नको, मोठी बॅग नको, पाठीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसातून थेट तर नकोच. कपड्यांचं म्हणाल तर रंग घालायचाच असेल तर तिकीट ज्या भागाचं आहे त्याचे नियम आधी वाचा, आणि कळत नसेल तर करडा रंग घाला.

हे कडक चेकिंग उगीच नाही. १२ एप्रिल २००५ ला चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टरफायनलमध्ये इंटरच्या स्टँडमधून जळते फ्लेअर्स मैदानात पडले, एक मीलनचा गोलकीपर दिदा याच्या खांद्याला लागला, मॅच बंद पडली आणि ३-० अशी मीलनला दिली गेली. त्याच रात्रीचा तो फोटो, धूर आणि लाल उजेड, आणि इंटरचा मातेरात्सी मीलनच्या रुई कोस्ताच्या खांद्यावर कोपर टेकून बघतोय. तुम्ही नक्की पाहिला असेल, दोघं प्रतिस्पर्धी आहेत हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं.

८. जायचं कसं

मेट्रो एम ५, जांभळी लाईन, शेवटचं स्टेशन सान सिरो स्टादियो. ड्रायव्हर नसलेली छोटी गाडी, मॅचच्या दिवशी आपल्या संध्याकाळच्या विरार लोकलची आठवण येईल. नाहीतर एम १ ने लोत्तोला उतरा आणि वीसेक मिनिटं चालत जा, मी तर हेच करतो, लोकांचा लोंढाच रस्ता दाखवतो. १६ नंबरची ट्रामही जाते. तिकीट २.२० युरो, ९० मिनिटं चालतं. कार्ड टॅप करून गेलात तर बाहेर पडतानाही त्याच कार्डाने टॅप करा, विसरलात तर जास्त पैसे कापतात.

मॅचच्या दीड तास आधी गेटवर असा. एकदा बाहेरच्या कुंपणापाशी तिकीट-पासपोर्ट बघतात, मग झडती, मग आतलं फिरतं गेट. आणि सुरुवातीआधी दोन्ही कुर्वा अख्खा स्टँड झाकणारी चित्रं उलगडतात, महिनोन्महिने गुपचूप बनवलेली, समोरच्याला टोमणा मारणारी. ते चुकलं तर अर्धी डर्बी चुकली.

खायचं बाहेरच. गाड्यांवर 'सालामेल्ला' म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज पावात घालून मिळतं, ज्यांना चालतं त्यांनी जरूर खा. शाकाहारी असाल तर फ्रेंच फ्राईज, नाहीतर घरून पोळीचा रोल खाऊनच निघा. आत पायऱ्यांवर एक जण 'बोर्गेत्ती' ओरडत फिरतो, ती कॉफी आहे पण दारूवाली, कडक थंडीत छोटी बाटली बरी वाटते.

९. मैदानाकडेही एकदा मान वर करून बघा

१९ सप्टेंबर १९२६ ला हे मैदान उघडलं तेही डर्बीनेच, बांधलं मीलनच्या अध्यक्षाने आणि पहिली मॅच इंटरने ६-३ ने मारली. १९८० पासून अधिकृत नाव ज्युसेप्पे मेआत्सा, जो मुख्यतः इंटरचा, थोडा काळ मीलनचाही. म्हणून मीलनवाले हट्टाने सान सिरोच म्हणतात. आता ही वास्तू फार दिवस अशीच राहणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन्ही क्लबांनी मिळून ती महापालिकेकडून विकत घेतली, शेजारी ७१,५०० क्षमतेचं नवीन बांधायचं ठरलंय, जुन्याचा थोडाच भाग ठेवणार. वाडा पडायच्या आधी दोघं भाऊ पुन्हा एकत्र सहीला आले म्हणायचे. म्हणून म्हणतो, पुढच्या वर्षी बघू असं करू नका.

१०. परत येताना आणि दुसऱ्या दिवशी

शिट्टी वाजली की एम ५ च्या स्टेशनकडे धावू नका, तिथे माणसं अडवून थोडी थोडी सोडतात आणि अर्धा-पाऊण तास सहज जातो. सरळ लोत्तोकडे चालायला लागा, एम १ पकडा. मॅच पावणेनऊची असेल तर संपायला पावणेअकरा होतात, शेवटची गाडी किती वाजता ते येतानाच बघून ठेवा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात 'स्फोत्तो' असतो, म्हणजे चिडवाचिडवी. हरलेल्याने ऐकून घ्यायचं, जिंकलेल्याने घरच्यांवर जायचं नाही, बाकी सगळं चालतं. ११ मे २००१ ला मीलनने ६-० ने हरवलं होतं, ती सहा बोटं अजून दाखवतात. आमच्या टीममधल्या इंटरवाल्याने एप्रिल २०२४ नंतर माझ्या कॉम्प्युटरवर दोन तारे चिकटवले होते, दर दहा जेतेपदांना एक तारा, विसाव्या जेतेपदाचा दुसरा तारा म्हणून. मीलन १९ वर अडकलेली. सप्टेंबरमध्ये मी ते काढून त्याच्या कॉफीच्या कपावर चिकटवले. त्याने कप धुतला नाही, पुढच्या डर्बीपर्यंत तसाच ठेवला होता म्हणे.